दहा शनिवारांची हद्दपारी

घड्याळवाल्या काकांनी पत्र्याचा डबा टेबलावर उलटा केला आणि सतरा खापऱ्या खडखडत बाहेर पडल्या. त्यातली एक घरंगळत थेट टेबलाच्या कडेला गेली. टेबलापाशी बसलेल्या मुलीने ती हवेतच झेलली.

"सिनेटर, हात लावायचा नाही. मतमोजणी चालू आहे."

"पडत होती, काका."

"अथेन्समध्येही सगळे असंच म्हणत असतील."

खोलीभर हशा पिकला. खोली म्हणजे वाचनालयाचा वरचा मजला. एकीकडे मोडक्या खुर्च्यांची चळत, दुसरीकडे जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या, आणि मधल्या लांबलचक टेबलाभोवती दर शनिवारी दुपारी जमणारं ग्रीस-रोम मित्रमंडळ. काका घड्याळं दुरुस्त करायचे आणि मंडळाचे अध्यक्ष होते. बाकी औषधांच्या दुकानातल्या काकू होत्या, दाताचे डॉक्टर होते, निवृत्त पोस्टमास्तर होते. जगात कुणाला ज्यांचं काही पडलेलं नसतं, अशा गोष्टींवरून ही मंडळी तासन्‌तास हमरीतुमरीवर येत. रोमन सैनिक चपलेत मोजे घालायचा की नाही, यावरून पोस्टमास्तर आणि डॉक्टर दोन महिने बोलत नव्हते.

तिला इथे आत्याने आणलं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पहिल्याच दिवशी हात वर करून तिने अध्यक्षांची चूक काढली आणि त्या दिवसापासून तिचं नाव सिनेटर पडलं. आता ती सोळाची होती आणि हात वर करायची गरज तिला वाटेनाशी झाली होती.

खापऱ्यांचा खेळ वर्षातून एकदाच होई. अथेन्सचे लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एखाद्याचं नाव कोरत. ज्याच्या नावाचे तुकडे सर्वांत जास्त, त्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. गुन्हा काही नाही, खटला नाही, नुसतं जा. मंडळात दहा वर्षांचे दहा शनिवार केले होते. प्रत्येकाने आपल्या घरचा फुटका तुकडा आणायचा, त्यावर खिळ्याने नाव कोरायचं आणि डब्यात टाकायचं. आजवर तीनदा दाताचे डॉक्टर गेले होते, कारण ते फार बोलत.

"डॉक्टर," काका एकेक तुकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले. "सिनेटर. सिनेटर. डॉक्टर. अरेच्चा, हे माझंच नाव. सिनेटर."

पाचव्या 'सिनेटर'ला तीही हसत होती. आठव्याला हसणं चालूच होतं, पण ते आता चेहऱ्यावर नुसतं टांगून ठेवल्यासारखं झालं होतं. शेवटी तिची अकरा भरली, डॉक्टरांची चार आणि काकांची दोन. टाळ्या पडल्या. पोस्टमास्तर म्हणाले, हा मान आहे, अथेन्सवाले फक्त मोठ्या माणसांनाच हाकलत. ती उठली, काल्पनिक झग्याचा घोळ खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना वाकून दाखवलं. वाकता वाकता मनात शनिवार मोजले. खुला दिवस सातव्या शनिवारी होता.

खुल्या दिवशी मंडळ खालच्या मोठ्या सभागृहात उतरायचं. दोनशे खुर्च्या, माइक, आणि गावाला ऐकवायचं एकच व्याख्यान. यंदा ते तिचं होतं. रोमने डोंगरातून शहरात पाणी कसं आणलं, यावर वीस मिनिटं. तीन महिने ती त्या वीस मिनिटांत राहत होती. आरशासमोर, जिन्यात, बसस्टॉपवर. वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींना तिने सांगून ठेवलं होतं, कोण कुठल्या रांगेत बसणार हेसुद्धा.

"पण मग व्याख्यानाचं काय?" काकांच्या आत्ता लक्षात आलं. "हा खेळ आपण खुल्या दिवसानंतर घेतो ना नेहमी?"

"या वेळी आधी ठेवला," आत्या म्हणाली. ती मंडळाची सचिव होती आणि इतिवृत्ताच्या वहीत मान खाली घालून लिहीत होती. "नंतर वरचा मजला रंगवायला काढणार आहेत. मी पत्रकात टाईप केलं होतं. तुम्ही कुणी वाचत नाही."

"मग बोलणार कोण?"

"राहील कुणीतरी उभं. नाहीतर मी आहेच, पाणी पाजायला."

पुन्हा हशा झाला. आत्याने वही मिटली.

खापऱ्या धुऊन, मोजून जपून ठेवायचं काम सर्वांत लहान सभासदाचं. तिने पिशवी घरी आणली, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि तुकडे वाळत घातले. आई म्हणाली, एवढं काय तोंड पाडून बसायचं, पुढच्या वर्षी बोल. तिने तोंड पाडलेलं नव्हतं. ती अकरा तुकड्यांवर आपलं नाव वाचत होती आणि कुणाचा हात कुठला हे ओळखायचा प्रयत्न करत होती. खिळ्याने कोरलेलं अक्षर मात्र सगळ्यांचं सारखंच वेडंवाकडं येतं.

मंडळात महिन्यातला एक रविवार तुकडे जोडण्याचा असे. काका मुद्दाम एखादं मडकं फोडून आणत आणि सगळ्यांनी मिळून ते परत उभं करायचं. त्यामुळे तिच्या बोटांना सवयच लागली होती. समोर दोन तुकडे असले की त्यांच्या कडा एकमेकींना लावून बघायच्या. तिने सहज एक उचलला, दुसरा त्याला लावला. तो बसला. बसतो तेव्हा आवाज होत नाही, बोटांना कळतं. तिसरा बसला. चौथा जरा फिरवून बसला.

दहा तुकडे जुळले. अकरावा पांढऱ्या कपाचा होता, तो डॉक्टरांचा असणार, त्यांनी मागचा हिशेब चुकता केला होता. उरलेल्या दहांची मिळून एक फुगीर पोटाची कुंडी झाली, एका अंगाने उघडी. तिच्या काठाखाली हिरव्या रंगाची वेल होती, पानं सगळी वेगवेगळ्या आकाराची, आणि एका जागी रंग ओघळून खाली आलेला. तो ओघळ तिचाच होता. पाचवीच्या सुट्टीत आत्याच्या गॅलरीत बसून तिने ही वेल काढली होती. आत्या तेव्हा म्हणाली होती, राहू दे ग, वेलीला घाम आलाय.

तिने बोटाने तो ओघळ खालपर्यंत गिरवला. मग दहाही तुकडे एकेक करून फडक्यात गुंडाळले.

सोमवारी शाळेतून येताना ती औषधांच्या दुकानात शिरली. काकू गोळ्यांच्या पाकिटांवर वेळा लिहीत होत्या.

"काकू, परवाची खापरी तुम्ही घरून आणली होतीत?"

"मी कुठली आणते. विसरते दर वर्षी. तुझ्या आत्याने जिन्यातच हातात दिली, कोरलेली, तयार. बऱ्याच जणांना दिली." काकूंनी पेन थांबवलं. "का ग? तुझी बारावी येतेय, व्याख्यान झेपणार नाही, पण तोंडाने नाही म्हणवत नाही, असंच ना? ती म्हणाली, खेळात गेलीस म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. मला तर आवडलं, बाई. किती विचार करते तुझा."

"हो," ती म्हणाली. "करते."

"डोकं दुखतंय का? गोळी देऊ?"

"नको."

घड्याळवाल्या काकांचं दुकान वाटेतच होतं. काकांना नुसतं सांगायचा अवकाश होता. त्यांनी तिथल्या तिथे मतदान रद्द केलं असतं, व्याख्यान परत तिचं झालं असतं आणि आत्याला कुणी पुन्हा वरच्या मजल्यावर येऊ दिलं नसतं. ती काचेपाशी थांबली. काकांनी डोळ्यातली भिंगाची नळी काढून तिच्याकडे पाहिलं.

"काय सिनेटर, हद्दपारी मानवतेय का?"

"मजेत आहे, काका."

"दिसतंय," ते म्हणाले आणि पुन्हा कुणाच्या तरी घड्याळात शिरले.

बुधवारी आत्याचा फोन आला. मलाच उभं राहावं लागतंय बघ, तुझी टिपणं घेऊन येतेस का. ती टिपणंही घेऊन गेली आणि फडकंही. जिन्याच्या तीन मजल्यांत तिने एकच वाक्य घोकलं. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं. वाक्य छान होतं. त्यात राग होता, पण मोठेपणाही होता. ते कुठे थांबून म्हणायचं आणि म्हणून झाल्यावर कुठे बघायचं, हेही तिने ठरवलं होतं.

आत्याने दार उघडलं, टिपणांचे कागद घेतले आणि उभ्या उभ्याच चाळायला लागली. गॅलरीत कुंडीच्या जागी तेलाचा डबा होता आणि त्यात तेच रोप, जरा मान टाकलेलं.

"कुंडी कुठे गेली?"

"फुटली. मांजराने पाडली."

तिने जेवणाच्या टेबलावर फडकं सोडलं. तुकडे एकमेकांना लावायला तिला पुरतं मिनिटही लागलं नाही. आत्या बघत राहिली. वेल पूर्ण झाली आणि तिच्याखाली पोटभर एकच नाव, दहा वेळा.

"तुकडे जोडणाऱ्यांच्यात एकाच कुंडीचे तुकडे वाटलेस," ती म्हणाली. "निदान दोन तरी फोडायच्यास."

आत्या खुर्चीत बसली. बावीस वर्षं तिने कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाईप केली होती. बसताना तिची पाठ अजून यंत्रासमोर असल्यासारखी ताठ असे. आज मात्र ती वाकली होती.

"काकांना दाखवलंस?"

"नाही."

"दाखवणार आहेस?"

तिने कडेचा एक तुकडा नीट सरळ केला. "सगळ्यांना सांगितलंस की मलाच नको आहे. माझ्या नावाने सांगितलंस."

"हो."

"तुला बोलायचं होतं, तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?" आत्याने हसायचा प्रयत्न केला. "अकरा वर्षं खुल्या दिवशी माइक मी लावते. वक्त्याच्या उंचीला लावून, पुढे उभी राहून, हॅलो, एक, दोन, तीन. तेवढंच माझं व्याख्यान. पोस्टमास्तरांचं मी लिहून दिलं होतं, डॉक्टरांचंही निम्मं. तुझं नाव ठरलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळी मीच वाजवली. खोटी नव्हती ग ती. घरी येईपर्यंत खरीच होती."

आता म्हणायला हवं होतं. तिने श्वास घेतला.

"आत्या, तू..."

"मी मागितलं असतं," आत्या म्हणाली, "तर दिलं असतंस?"

वाक्य तोंडाशी आलेलं होतं. त्यातले शब्दही जवळपास तेच होते, नुसते सोडायचे होते. पण तिच्या डोळ्यांसमोर दोनशे खुर्च्या आल्या, तिसऱ्या रांगेत वर्गातल्या मुली आल्या, आणि आत्या समोर येऊन, कधी नाही ते काही मागतेय असं तिने मनाशी चित्र उभं केलं. त्या चित्रात आपण काय करतोय, हे तिला लख्ख दिसलं. आपण हसून म्हणतोय, आत्या, तू? आणि मग पुढचं बोलायला लागतोय, पाण्याबद्दल.

"नाही," ती म्हणाली.

आत्याने मान हलवली. टाईप केलेला कागद एकही चूक न सापडता वाचून संपावा, तशी. मग टिपणं टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

"घेऊन जा. काकांना मी सांगते. उद्याच सांगते."

कागद दोघींच्या मध्ये पडून राहिले. वरच्या पानावर तिच्याच अक्षरात लाल शाईने लिहिलेलं होतं, इथे प्रेक्षकांकडे बघ. तिला ते वाचून कसंतरीच झालं.

"हद्दपारांना दहा शनिवार आत येता येत नाही," ती म्हणाली. "नियम आहे. तूच टाईप केलायस."

"अग, पण..."

"मी माफ बिफ केलेलं नाही. आणि खुल्या दिवशी मी बाहेरच्या बाकावरसुद्धा बसणार नाही. लाल शाईतलं वाचू नकोस, ते माझ्यापुरतं आहे."

तिने चपला पायात सरकवल्या. दार नेहमीसारखं आपटलं नाही, हळूच लावलं. एक जिना उतरली, वळणावर आली आणि वरून आवाज ऐकू आला. आत्या वाचत होती. आधी पुटपुटत, मग घसा खाकरून, मग मोठ्याने.

"रोमला तहान लागली की रोम डोंगरांकडे बघायचं."

हे वाक्य तिचं होतं. ते तिने हजार वेळा म्हटलं होतं, दर वेळी एका दमात, टाळीच्या दिशेने धावत सुटल्यासारखं. आत्या 'लागली की'पाशी थांबली. पुरती थांबली. जिन्यातसुद्धा तहान लागावी इतका वेळ. मग उरलेलं वाक्य तिने हलकेच खाली ठेवलं.

कठड्याला धरून ती तिथेच उभी राहिली. पुढचं वाक्य कुठे तोडणार, ते तिला ऐकायचं नव्हतं आणि पाय काही केल्या हलत नव्हते.