बेंबीवरची माती

मायचा शेवटचा साधासुधा दिवस शनिवारचा होता. शाळा सकाळची असल्यामुळे तिची शिक्षिका लेक प्रमिला दुपारी घरीच होती. सुरतेजवळच्या उधन्याच्या त्या दोन खोल्यांत पलीकडच्या लूमांचा, यंत्रमागांचा, खडखडाट भिंतीतून येत होता, आणि माय दारात फतकल मारून जुनं लुगडं फाडत बसली होती. सुंदराचे, म्हणजे तिच्या सुनेचे, दिवस भरत आले होते आणि बाळुत्यांना मऊ कापड हवं होतं.

"सुंदराचं नाव दवाखान्यात घातलंस ना?" मायनं विचारलं.

"घातलं. सकाळपासून दोनदा विचारलंस."

"आता तिसऱ्यांदा विचारते. घरी नको."

खाटेवरून अंजनाफुई खाकरली. फुई म्हणजे आबांची, प्रमिलाच्या वडलांची, थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि भाऊ मिलमध्ये लागला तशी तीही त्याच्याबरोबर सुरतेला आली. आमटीत मीठ किती पडावं इथपासून कोणी कोणत्या पावलानं घरात यावं इथपर्यंत सगळं तिच्या अखत्यारीत होतं. तिला अक्षरओळख नव्हती, त्यात तिचा दोष नव्हता. पण ज्याला अक्षरओळख आहे त्याला अक्कल नसते, हा शोध मात्र तिचा स्वतःचा.

"दवाखाना!" फुई म्हणाली. "मन्हा हातखाल इतला पोरं व्हयनात, मन्हा हातले काय किडा पडनात?"

मायनं लुगड्याला ओढ दिली. कापड चर्रकन फाटलं.

"आनि पमे, तू कसाले मधमा बोलस? तुनं लगीन नही, पोर नही. पुस्तकले काय बाळुतं लागस?"

यावर माय आधी हसली, मग प्रमिलाही हसली. संध्याकाळी खिचडी झाली. प्रमिलाचा भाऊ निंबा, सुंदराचा नवरा, लूमवरून उशिरा आला, हात न धुता पापड मोडला म्हणून मायनं त्याच्या मनगटावर चापट मारली. एवढाच तो दिवस.

दुसऱ्या सकाळी माय नळावर गेली, भरल्या हंड्याशेजारी टेकली, आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. प्रमिलाच्या हातात मायची ओली पावलं होती आणि ती थंड आहेत ती पाण्यानं, असं तिला बराच वेळ वाटत राहिलं.

मग माणसं आली. खानदेशातली, जवळच्या भेस्तानची, मिलमधली. फुई भिंतीला टेकून बसली आणि तिनं शोकाची सूत्रं हातात घेतली. ती उत्तम रडायची. कोण आलं आहे ते पदराआडून आधी बघायची, त्या माणसाच्या मानाप्रमाणे आवाज लावायची. मुकादमाची बायको आली तेव्हा ती जमिनीवर कोसळली. शेजारची आली तेव्हा नाक ओढून भागवलं. आणि रडणं ओसरलं की दर वेळी मायची, म्हणजे चंद्राची, तीच गोष्ट निघायची.

"चंद्रा गुणाची व्हती. पण नशीब खोटं. सोन्यासारखा पोर सोताना पायरी घालवा तिनं." म्हणजे आपल्याच पायगुणानं घालवला. "ओली बाळंतीण नळवर गयी, वारं लागनं, सटवाईनी पोर उचला."

बायका च् च् करायच्या. आबा मान खाली घालून ऐकायचे. मिलच्या गेटावर मालकाच्या नावानं घसा फोडणारा हा माणूस. थोरल्या बहिणीसमोर त्यांचा आवाज कधी घशातून वर आलाच नाही.

प्रमिलाला ती गोष्ट बाहेरच्यांपेक्षा जास्त माहीत होती, कारण ती तिथं होती. बासष्ट साली, सुरतेला आल्यावर, त्यांच्या घरात पहिलं मूल जन्मलं. तिचा सगळ्यात धाकटा भाऊ. ती स्वतः आणि निंबा गावी जन्मलेले, त्यांच्या बेंबीला फुईनं हळद-तेल लावलं होतं, आणि नाळ आपोआप गळून पडली होती. पण हा परमुलखात जन्मला. परमुलखात जन्मलेल्या पोराला गाव कोणता ते कसं कळावं? फुईनं त्यावर उपाय काढला. तिच्याजवळ तिची कुंकवाची पितळी डबी होती. नवरा गेल्यापासून रिकामीच. तीत तिनं गावच्या गोठ्यातली माती भरून आणली होती. बैलांच्या खुरांखालची, शेणामुतात मुरलेली. त्या मातीत तेल कालवून तिनं बाळाची ओली नाळ लिंपली.

"बेंबीले गावनी माटी लागनी की पोर गावनं व्हस," ती म्हणाली होती.

ज्या गावानं त्यांना पोटभर भाकरी दिली नाही, ज्या गोठ्यातले बैल कधीच विकले गेले, त्याची माती पोराच्या पोटाला. बाळाला मांडीवर धरून बसली होती माय. पाचवीच्या दिवशी घरात पाण्याचा थेंब नव्हता. फुईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिनंच मायला नळावर पाठवलं. गोष्ट सांगताना फुईचे गुडघे तेवढे गळून जात.

पाचवीनंतर बाळानं दूध सोडलं. तोंड उघडेना. कोणी भांडं आपटलं तरी अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. लूम तर दिवसभर आपटत होते. फुईनं दृष्ट काढली, लिंबू ओवाळलं, पलीकडच्या वस्तीतल्या भगताला बोलावलं. शेवटी बाळ गेलं, आणि दोष कुणाचा हे फुईनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

पुढं अध्यापनाचं शिक्षण घेताना आरोग्याच्या तासाला बाईंनी नवजात बाळाचा धनुर्वात शिकवला. शेण, माती, कच्ची जखम. प्रमिलानं वही बंद केली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. बोलून फुईवर काय परिणाम झाला असता? तिनं म्हटलं असतं, बाईंना किती पोरं झाली? आणि माय मात्र उरलेला जन्म स्वतःची मांडी आठवत बसली असती. तेव्हा प्रमिलानं वाचन वाढवलं आणि तोंड मिटलं. फुई गोष्ट सांगत राहिली. दर वर्षी, दर बारशाला, दर मयतीला.

मायचा दहावा व्हायच्या आत सुंदराला कळा लागल्या. दवाखान्यात मुलगी झाली. नर्सनं नाळेला जांभळं औषध लावलं आणि निंबाला बजावलं, "कंई लगाडवानुं नहीं. कोरुं राखजो." दुसरं काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा, नाळ आपली आपण गळेल. निंबानं मान डोलावली. निंबा प्रत्येकासमोर मान डोलावायचा.

बाळ घरी आलं त्या सकाळी फुईनं पाटावर बसून पाय पसरले आणि त्यावर त्याला आडवं घेतलं. चार शेजारणी बघायला आल्या होत्या. फुईनं लंगोट सोडला.

"आय व! हाई काय? पोरले शाईमा बुडाई दिधं?"

"औषध आहे ते," सुंदरा खाटेवरून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "नर्सबाई म्हणाली काही लावू नका."

"नर्सबाई! ती काय तुनी सासू शे?" फुई हसली, शेजारणीही हसल्या. "घरमा ताजी मयत. चंद्राना जीव आजून उंबरठावर शे. जीती व्हती तव्हयबी एक पोर खाई गयी. ह्या पोरीले गावनी माटी लागालेच पाहिजे." आणि तिनं कमरेची डबी काढली. चुलतभाऊ दगा दर वर्षी खानदेशातून ताप्ती लाईनच्या गाडीनं येताना गोठ्यातली माती आणायचा, त्यामुळे माती कधी शिळी होत नव्हती.

सुंदरानं निंबाकडं पाहिलं. निंबानं आबांकडं. आबांनी छताकडं.

"चिमूटभर तर आहे," निंबा पुटपुटला. "फुई एवढं म्हणते तर लावू दे. काय होतं?"

"काय होतं," सुंदरा म्हणाली, आणि रडू लागली. तिला नक्की काय होतं ते माहीत नव्हतं. खोलीत ते फक्त एकीला माहीत होतं.

प्रमिला दारात उभी होती. तिला राग येत नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. तिला समोर एक म्हातारी दिसत होती, जी एका पोराला पुरून त्याच्या आईला रोज उकरत आली होती, आणि त्याच बोटांनी आता डबीतली माती तेलात कालवत होती. भोवती माणसं जमली होती, आणि एवढ्या माणसांत मिळून एक हात पुढं होत नव्हता. गेटावरचे पुढारी. लूमवरचे मर्द.

ती पुढं गेली, फुईच्या पायांवरून बाळ उचललं आणि सुंदराच्या कुशीत दिलं. फुईच्या बोटांवरची तेलकट माती हवेतच राहिली.

"पमे! अवलक्षनी! बाळंतघरमा हिसकाहिसकी?"

"डबी बंद कर, फुई."

"तू मले सांगशी? तुले पुस्तकमा हाई लिखेल शे का?"

"आहे लिहिलेलं. पण पुस्तक राहू दे, मी डोळ्यांनी पाहिलंय." तिचा आवाज वर्गात पाढे म्हणवून घेताना असायचा तसा सपाट होता. शेजारणी उठायच्या बेतात होत्या त्या बसल्या. "बस, आबा. तूही बस, निंबा. ह्या बायकांनी बारा दिवस एकच गोष्ट ऐकली, आता खरी ऐकू देत. आपल्या भावाला सटवाईनं नेलं नाही. वारंही लागलं नाही. फुई, तू त्याच्या ओल्या बेंबीत गोठ्याची माती भरलीस, त्यानं त्याला धनुर्वात झाला, आणि तो भुकेला मेला, कारण त्याचं तोंड उघडत नव्हतं. नळावर मायला तूच पाठवलंस. मी तिथंच होते. बारा वर्षं तू तिला पोरखाऊ म्हणालीस, आणि ती तुला गरम भाकरी वाढत राहिली. मायनं त्याला मारलं नाही, फुई. तू मारलंस."