फोटोतले मणी

बाभुळगावच्या प्राथमिक शाळेतले श्रावण गुरुजी वादात सहसा हार मानत नसत. परंतु यवतमाळच्या दवाखान्यातील क्ष-किरण खोलीबाहेरच्या बाकावर बसल्यापासून त्यांना एकही वाक्य शेवटास नेता आले नव्हते. शेजारी त्यांची नऊ वर्षांची मुलगी जया डावा हात उजव्या खांद्यावर टाकून बसली होती. हात खाली सोडला की मनगटाच्या वरची निळसर, मऊ सूज फुगत असे आणि वर धरला की ओसरत असे. म्हणून हात असा उचलून धरण्याची सवय तिला कोणी न शिकवताच लागली होती.

रोगाचे स्वरूप डॉक्टरांनी पूर्वीच समजावले होते. गर्भात शरीर घडत असतानाच त्या जागच्या शिरा चुकीच्या घडल्या होत्या. भिंती पातळ, वाटा वाकड्या आणि आत संथ साचलेले रक्त. त्या सुजेत औषध टोचून शिरा आतून मिटवायच्या, असा उपाय वर्षाहून अधिक काळ चालला होता, आणि आज त्या उपायाची परीक्षा होती. फोटोत पांढरे उमटणारे एक द्रव्य सुजेत सोडायचे आणि ते कुठवर जाते हे पाहायचे. ते जागच्या जागी राहिले तर उपाय लागू पडला. पूर्वीप्रमाणे ते दंडाकडच्या मोठ्या शिरेत धावले, तर पुढची सुई देता येणार नव्हती. कारण शिरा मिटवणारे जहाल औषधही त्याच वाटेने काळजापर्यंत गेले असते. मग उरत होती ती नागपूरची शस्त्रक्रिया. नागपूरच्या सर्जनांनी हात उलटसुलट करून पाहिला होता आणि म्हटले होते, "वाचवण्याचा प्रयत्न करू." त्या वाक्यात कर्म नव्हते. हात वाचवायचा की मुलगी, हे विचारण्याचे धैर्य, वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून वाक्याचे कर्म वदवून घेणाऱ्या या माणसाला झाले नव्हते.

द्रव्य सोडण्यापूर्वी हाताचा एक साधा फोटो घ्यायचा असतो. तो घेऊन झाला होता. काही वेळाने फोटो काढणारा रहमत चिमट्याला लटकवलेली ओली फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला. त्याच्या कपाळावर आठी होती.

"गुरुजी, पह्यलेच सांगतलं होतं ना तुमाले, धागा-मणी सारं काढून टाका म्हणून. आता हे फिल्म वाया गेली. दुसरी काढा लागते."

"मणी नाहीत. आमच्या घरी ती प्रथा नाही," गुरुजी म्हणाले.

"सकाळीच काढले ना मी," त्याच क्षणी त्यांची बायको नलू म्हणाली.

दोन्ही वाक्ये एकमेकांवर आपटून खाली पडली. रहमतने एकदा गुरुजींकडे, एकदा नलूकडे पाहिले.

"काय काढलं?" गुरुजींनी विचारले.

"मातामायची माळ. झोपली का बांधत होती तिच्या हाताले. उठाच्या आंधी सोडून घेओ."

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतल्यावर गुरुजींनी मातामाय देवीसकट घरातले सगळे देव स्वतःच्या हातांनी बेंबळा नदीच्या पात्रात सोडले होते, आणि का सोडले यावर अंगणात जमलेल्या मंडळींपुढे सविस्तर विवेचनही केले होते. ते विवेचन नलूने चुलीपाशी बसून ऐकले होते.

"माळ मागे ठेवलीस."

"माह्या मायची होती. तुमी देव सोडले. माळ कुठं देव हाय?"

"हे तू मला शिकवतेस?"

"भांडण मागून करा, भाभी," रहमत म्हणाला. त्याने जयाचा हात अलगद उचलून पाहिला. मनगट मोकळे होते, दंड मोकळा होता. धाग्याचा वळसुद्धा उठलेला नव्हता. "हातात तं काहीच नाही. मंग हे आले कुठून?"

त्याने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. दोन हाडे स्पष्ट दिसत होती आणि त्यांच्या बाजूला, मांसाच्या धूसर सावलीत, शुभ्र, गोल, रेखीव असे काही मणी विखुरले होते. रहमतने हात आडवा ठेवून दुसरा फोटो घेतला. मणी हाताबाहेर असते, तर त्यात ते कातडीच्या कडेला दिसले असते. ते तिथे नव्हते. ते आत, हाडाजवळ होते.

नलू भिंतीला टेकली. "माळीतले मणी कमी झालते," ती इतक्या हळू बोलली की रहमतला पुढे वाकावे लागले. "मले वाटलं, गोधडीत सांडले असतीन. झाडून पाह्यली, भेटले नाहीत. तिचीच वस्तू होती. तिले पाण्यात टाकलं आपण. थे आली अन् हातात बसली."

गुरुजींनी तिचे खंडन करण्यासाठी तोंड उघडले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मुद्देसूद मांडायचे आणि मग एकेक मुद्दा खोडून काढायचा, ही त्यांची जुनी रीत होती. गेल्या वर्षीच्या फोटोत मणी नव्हते. तो फोटो त्यांनी स्वतः पाहिला होता. मधल्या काळात रोज माळ बांधली गेली. माळीतले मणी नाहीसे झाले. आणि आज मणी हातात आहेत. मुद्दे मांडून झाले, पण खोडण्यासाठी त्यांना एकही सापडेना. ज्या तर्कावर त्यांनी आजवर भरवसा ठेवला होता, त्याच तर्काने त्यांना धरून पाण्यात सोडलेल्या देवीच्या पायाशी नेऊन उभे केले होते.

"जये, तू मणी गिळले का?"

"नाही."

गिळले असते तरी ते हातात कसे येतील, हे त्यांना प्रश्न विचारून झाल्यावर सुचले. त्यांनी सुजेवर अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला. आत काहीतरी कठीण, ज्वारीच्या दाण्याएवढे, बोटाखालून निसटून बाजूला सरकले. त्यांनी हात मागे घेतला, इतक्या वेगाने की जया दचकली.

"काय झालं, बाबा?"

त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला.

डॉक्टर आले तेव्हा तिघेही असेच उभे होते. रहमतने त्यांना सारी हकीकत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी जुनी फिल्म मागवली, दोन्ही फिल्म उजेडाच्या काचेवर शेजारी लावल्या आणि गुरुजींना जवळ बोलावले.

"गुरुजी, या दोन फोटोंच्या मधल्या काळात माळ बांधली गेली, हे खरे. आणखी काय झाले?"

गुरुजी एका फिल्मवरून दुसरीवर पाहू लागले.

"मी सुया दिल्या. औषधाने आतले रक्त जागच्या जागी गोठते. गोठलेले रक्त काही ठिकाणी तसेच पडून राहते, त्यावर चुना साचतो आणि त्याचा खडा होतो. असे खडे या आजारात सुईवाचूनही होतात. फोटोत ते मण्यासारखेच दिसतात. रहमतची चूक नाही."

"म्हणजे ती बरी होते आहे?" गुरुजींनी विचारले.

"तेवढा अर्थ त्यातून काढू नका. त्या त्या ठिकाणी रक्त थांबले, एवढेच खडा सांगतो. वाट बंद झाली की नाही, ते अजून पाहायचे आहे."

हायसे वाटण्याचा क्षण असा येताच निघून गेला. देवीची भीती गेली, वाटेची राहिली.

मुलीला धरायला एकाच माणसाने आत थांबायचे होते. किरणांपासून वाचवणारा शिशाचा जड डगला रहमतने गुरुजींपुढे धरला. गुरुजी एक पाऊल मागे सरले. नलूने तो त्यांच्या पुढून घेतला आणि अंगात चढवला. दार लागले, वरचा लाल दिवा पेटला आणि गुरुजी बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"हलायचे नाही बाळ, आता टोचणार," डॉक्टरांचा आवाज आला.

मग एक बारीक कण्हणे. मग जयाचा आवाज: "बाबा कुठं हाय?"

"बाह्येर हाय. त्याइले भेव लागते."

"बाबाले?"

"हो. मोठ्या माणसाले जास्त लागते. तू हात हालवू नको."

यंत्राचा घुमणारा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. सुई आत असेल, द्रव्य निघाले असेल. या क्षणी ते कोपराकडे धावत असेल किंवा नसेल, आणि आपल्या कोणत्याही विचाराने त्याची दिशा बदलणार नाही, हे गुरुजींना स्पष्ट कळत होते.

फिल्म धुऊन आली. डॉक्टरांनी ती काचेवर लावली आणि जुन्या फिल्मशी ताडून पाहिली. जुन्या फोटोत द्राक्षांच्या घडासारखा पांढरा पसारा होता आणि त्यातून बोटाएवढा प्रवाह दंडाकडे चढला होता. नव्या फोटोत घड तुटला होता; दोन-तीन विरळ डाग आणि मधून मधून ते खडे. मात्र वरच्या डागापासून दंडाकडे केसासारखी एक रेघ गेलेली होती.

"ही?" गुरुजींनी बोट दाखवले. त्यांचे बोट काचेला टेकले नाही.

"हीच. पूर्वी इथे ओढा होता, आता एवढी रेघ उरली. दंडाला पट्टा आवळून पुढची सुई देता येईल. काळजी घेऊन, थोडी थोडी. तूर्त नागपूरला जायचे कारण नाही."

"आणि रेघ पुन्हा मोठी झाली तर?"

"होऊ शकते. म्हणून उन्हाळ्याआधी पुन्हा फोटो काढू."

संध्याकाळच्या मोटारीत नलू खिडकीशी बसली, जया मध्ये आणि गुरुजी कडेला. यवतमाळ मागे पडल्यावर नलूने कनवटीची माळ काढून मांडीवर ठेवली. दोरा मधेच बराच मोकळा होता.

"मग मणी गेले कुठं?" ती स्वतःशीच म्हणाली.

"पाटीच्या गळ्यात हायेत," जया खिडकीबाहेर पाहत म्हणाली. पाटी म्हणजे त्यांच्या शेळीचे पिल्लू. "रातच्याला माळ टोचे मले. म्हणून काढून तिले बांधले."

नलू हसली, हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि मग बराच वेळ तो काढला नाही. गुरुजींनी माळ उचलली, पाहिली आणि तिच्या मांडीवर परत ठेवली.

जयाला झोप लागली. खांद्यावरचा हात हळूहळू घसरला आणि बाकाच्या कडेवरून खाली लोंबू लागला. पूर्वी असा हात लोंबला की बघता बघता सूज भरून येई.

"भरली का?" नलूने समोर पाहतच विचारले.

"मी पाहिली नाही."

"मंग पाहा ना."

"तू पाहा."

नलूने पाहिले नाही. बाभुळगावचे दिवे दिसू लागेपर्यंत दोघेही समोरच्या काचेकडे पाहत बसले, आणि त्यांच्या मधोमध तो हात मोटारीच्या हेलकाव्यांबरोबर हलत राहिला.