फोडलेला फोन

शिवाजी पेठेत घरातलं भांडण पोलिसांत नेणं म्हणजे तालमीची अब्रू वेशीवर टांगणं. म्हणून उदयसिंह आधी तालमीचीच पायरी चढला. त्याच्या लेकीनं, निशिगंधानं, होणारा नवरा म्हणून धैर्यशीलला एक फोटो पाठवला होता, चारचौघांनी बघावा असा नव्हे. लग्न मोडलं आणि त्या पठ्ठ्यानं तो तालमीच्या फुटबॉल संघाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला.

वस्ताद हंबीररावांनी न्याय केला. धैर्यशीलनं पाय धरले, उदयसिंहानं सगळ्यांदेखत त्याचा फोन दगडानं ठेचला, आणि ज्यानं त्यानं आपापल्या फोनवरचा फोटो तिथल्या तिथं पुसला. विषय मिटला म्हणून चहाही झाला. उदयसिंह छाती काढून घरी आला.

निशिगंधा पोलिसांत तक्रार द्यायला निघाली होती. त्यानं फोन ठेचल्याचं सांगताच ती म्हणाली,

"आबा, पुरावाच फोडलासा की."

मुळात फोटो दिलासच कशाला, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. लगेच त्यानं जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

"एकट्याला दिलता. पेठंला न्हाय," ती म्हणाली आणि पायात चप्पल सरकवली.

तो तिच्यामागून पोलीस ठाण्यात गेला. फौजदार क्रांतीबाईंनी शांतपणे समजावलं, की फोटो एकाला देणं वेगळं आणि तो गावभर वाटायला परवानगी देणं वेगळं. न विचारता वाटला, म्हणजे गुन्हाच. पण तो कुणाच्या तरी फोनवर दाखवता आला तर बरं. उदयसिंहानं तालमीत फोन लावले. सकाळी खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्यांपैकी एकानंही उचलला नाही. त्याला त्यांची चीड आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

मग त्याच्या ध्यानात आलं, ग्रुपमध्ये तर आपणही आहोत. लाजेपोटी त्यानं तो ग्रुप उघडलाच नव्हता, त्यामुळं फोटो पुसायचाही राहिला होता. त्यानं घाईनं फोन काढला, टेबलाकडं हात नेला, आणि तिथंच थांबला. आता तो फोटो फौजदार बघणार, उद्या कोर्ट बघणार. दगड उचलताना त्यानं लेकीला विचारलं नव्हतं, आणि आत्ताही विचारत नव्हता.

"निशा, देऊ का?" तो म्हणाला. "तू न्हाय म्हणालीस तर घरला जाऊया."

निशिगंधा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली. बराच वेळ रडली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "द्या."