आजीचा नंबर

त्या घरात माणसं चार आणि संडास एक, तोही न्हाणीघरातच. मुलगा विमा कार्यालयात कारकून, सून बेकरीच्या काउंटरवर आणि नात कॉलेजात. तिघांनाही सकाळी एकाच सुमारास घर सोडायचं असायचं, त्यामुळे त्या एका दाराशी जी धांदल उडायची ती विचारू नका. आजी मात्र टेबलाशी चहाचा कप धरून बसायच्या आणि म्हणायच्या, "उरका तुम्ही आधी. मला कुठे गाडी गाठायची आहे?"

सवय जुनी होती. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आजींनी उभी हयात काढली. मशीन सोडून उठलं की मुकादम घड्याळाकडे बघायचा, म्हणून पाणी बेतानं प्यायचं आणि आलेली कळ दाबून टाकायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आता मुकादम नव्हता, पण नातीचं केस वाळवायचं यंत्र होतं. सगळे गेले की घर शांत व्हायचं, आजी आत जायच्या, तोवर पोटानं विचार बदललेला असायचा. मग कुंथत बसायचं, घामाघूम व्हायचं आणि हात हलवत परत यायचं.

मुलानं दुकानातून जुलाबाची पावडर आणून दिली. सुरुवातीला चमचाभर पुरायची. पुढे पुढे कितीही घेतली तरी भागेना. एका सकाळी कुंथता कुंथता आजींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरत धरत त्या कशाबशा पलंगापर्यंत पोचल्या. छातीतली धडधड थांबेपर्यंत त्या छताकडे बघत पडून राहिल्या आणि मग स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या, "आता बास झालं."

दवाखान्यात मुलगा सोबत होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?" तर मुलगाच खाकरून म्हणाला, "आईला जरा... पोटाचं आहे."

"तू बाहेर बस," आजी म्हणाल्या. दार लागल्यावर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "डॉक्टर, मला शौचाला होत नाही. झालं तर खडे पडतात. आज चक्कर आली."

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, रक्त पडतं का, वजन उतरलंय का ते विचारलं, चालू गोळ्या बघितल्या. रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी अहवाल आला, त्यात काळजीचं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी निवांत विचारपूस केली.

"खाता काय?"

"पाव आणि चहा. कवळी टोचते, मग मऊच बरं पडतं."

"पाणी?"

"बेताचं. नाहीतर सारखं उठावं लागतं."

"आणि कळ कधी येते?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आजींनी आठवून सांगितलं, "सकाळी. नाश्ता झाला की लगेच."

"तेव्हा जाता?"

"तेव्हा माझा नंबर नसतो."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आजी, ती कळ फुकट घालवू नका. खाल्लं की आतडी हलायला लागतात, तीच खरी वेळ. पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे वर येऊ द्या, पुढे वाका. जोर करायचा नाही. कवळी आधी नीट करून घ्या. फळं, भाज्या, कडधान्यं वाढवा, पण हळूहळू. पाणी दिवसा प्या. रोज चाला. पावडर आपल्या मनानं वाढवायची नाही, मी सांगते तशी कमी करू. आणि कधी रक्त दिसलं किंवा पोट फारच दुखलं तर सरळ इकडे या."

त्याच संध्याकाळी जेवताना आजींनी विषय काढला. "उद्यापासून नाश्ता झाला की संडास माझा. मी बाहेर येईपर्यंत कुणी दार वाजवायचं नाही."

"आई, जेवताना काय हे!" मुलगा म्हणाला.

"मग कधी बोलू? एरवी तुम्ही घरात सापडता कुठे?"

"अगं, पण आमची सकाळची गडबड... पावडर घेतलीस तर सोपं नाही का?"

"सोपं आहे, तुम्हाला. पोट माझं आहे."

सून म्हणाली, "आई, मी लवकर उठून उरकून घेईन." नातीनं तोंड वाकडं केलं, पण आरसा स्वतःच्या खोलीत लावून घेतला.

आजी कामाला लागल्या. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन कवळी घासून आणली. नाश्त्याला ओट्स, त्यात चिरलेलं पेअर, रात्री भिजवलेले सुके आलुबुखार. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी वाडगाभर घेवडा खाल्ला आणि पोट असं फुगलं की संध्याकाळी नात म्हणाली, "आजी, हे वाद्य कुठलं?" आजींनी उशी फेकून मारली आणि दुसऱ्या दिवसापासून घेवडा पळीभरावर आणला. ऊन असो की गारठा, दुपारी त्या बागेला फेरी मारून यायच्या. परत आल्यावर गुडघे बोलायचे, आजी ऐकून घ्यायच्या नाहीत.

आणि रोज नाश्ता झाला की आत जाऊन बसायच्या. स्टूलवर पाय, गुडघ्यांवर कोपर. कितीतरी सकाळी काहीच झालं नाही. बाहेर पावलं वाजायची, किल्ल्या खणखणायच्या आणि आजींना चोरासारखं वाटायचं. पावडरीचा डबा समोरच्या फळीवर होता. एकदा हात तिथवर गेलाही. पण त्या दिवसाची मात्रा नाश्त्याआधीच घेऊन झाली होती. त्यांनी हात मागे घेतला.

मग मुलाच्या कचेरीत साहेब तपासणीला येण्याचा दिवस उजाडला. मुलगा उशिरा उठला आणि येऊन दारावर थापा मारू लागला.

"आई, निघ ना बाहेर! आज तरी!"

आजी सवयीनं अर्ध्या उठल्यासुद्धा. पोटात तेव्हाच कळ येत होती. त्या पुन्हा खाली बसल्या.

"नाही निघणार."

"अगं, मला उशीर होतोय!"

"खालच्या शेजाऱ्यांकडे जा. ते नाही म्हणणार नाहीत. मला आत्ताच आलीय."

मग चपला आपटत मुलगा जिना उतरला. आजींनी श्वास सोडला, पुढे वाकल्या, अजिबात जोर न करता थांबल्या. आणि झालं. सहज, नीट, न दुखता. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी मुलगा फुगलेला असेल असं धरून त्या बसल्या होत्या. तो आला, चपला काढल्या, थोडा वेळ घुटमळला.

"मी आंघोळ रात्री करत जाईन," तो म्हणाला. "सकाळी तेवढीच मोकळीक."

"बरं होईल. आज झालं हं मला."

"काय झालं?" त्यानं दचकून विचारलं आणि मग कानापर्यंत लाल झाला. "हां. ते. छान. छानच झालं, आई."

पुढचे सगळेच दिवस असे गेले नाहीत. सर्दीतापात पाणी कमी पडलं की गाडं पुन्हा अडायचं. पण आता आजी घाबरायच्या नाहीत. पावडर हळूहळू कमी होत एकदाची बंद झाली. डॉक्टरीणबाईंनी "कसं काय?" विचारलं, तेव्हा आजींनी बाहेरच्या बाकावरच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सविस्तर सांगितलं. त्यातली एक मागोमाग जिन्यात आली आणि हळूच म्हणाली, "बाई, ते स्टूल केवढं उंच घ्यायचं?"

आजी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि तिला हातानं उंची दाखवू लागल्या.