तीन वेळा ‘अपूर्ण’

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मी रागावलेलो आहे. माझ्या अंगावर उलट्या अक्षरांत एकच शब्द कोरला आहे: ‘अपूर्ण’.

बुधवार पेठेत शिक्के बनवणाऱ्या गेनबांनी मला घडवलं. लाकडी मुठीला पॉलिश केलं, चारदा कागदावर उठवून पाहिलं आणि सरकारी आरोग्य विम्याच्या एका कार्यालयात धाडलं. तिथे गरिबांच्या शस्त्रक्रियांचे अर्ज येत. मंजुरी मिळाली की रुग्णालय फुकट उपचार करत असे.

सर्जेराव साहेब ते अर्ज तपासत. परत पाठवलेला अर्जसुद्धा तिथे ‘निकाली’ धरला जाई. म्हणून साहेबांचं टेबल रोज रिकामं असे आणि वरिष्ठ त्यांची पाठ थोपटत. मलाही तेव्हा आपण फार कामाचे आहोत असं वाटे. आज त्याची लाज वाटते.

एका सोमवारी कोथरूडहून नसीमबानू आल्या. त्यांचे पती चांदभाई पायाने शिलाई मशीन चालवत. मधुमेहामुळे त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं सडली होती. ती लगेच काढली तर पाऊल वाचेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. साहेबांनी पहिलंच पान पाहिलं. रेशनकार्डावर ‘चांद’, अर्जावर ‘चांद महंमद’. अपूर्ण.

नाव दुरुस्त करून त्या आल्या, तर डॉक्टरांच्या सहीखाली नोंदणी क्रमांक नव्हता. अपूर्ण. तोही आणला, तर जखमेच्या फोटोवर तारीख नव्हती.

“साहेब, हे सगळं पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं,” नसीमबानू म्हणाल्या.

“आम्ही अर्ज तपासतो, बाई. शिकवणी घेत नाही.”

आणि साहेबांनी मला तिसऱ्यांदा आपटलं. डॉक्टरांनी तिथे लाल शाईने ‘तातडीचे’ असं लिहिलं होतं. तो शब्द माझ्याखाली झाकला गेला.

मंजुरी मिळाली ती बाविसाव्या दिवशी. तोवर सड वर चढली होती. चांदभाईंचं अख्खं पाऊल कापावं लागलं.

नसीमबानू पुन्हा आल्या, त्या थेट मोठ्या अधिकारी मंदाकिनीबाईंकडे गेल्या. माझा ठसा उमटलेले तिन्ही वेळचे कागद त्यांनी समोर मांडले. बाईंनी सर्जेरावांना बोलावलं.

“या तिन्ही उणिवा पहिल्या दिवशीही अर्जात होत्या. मग एकेक का काढली?”

“नियमाप्रमाणे पहिली त्रुटी सापडली की अर्ज परत करायचा असतो, मॅडम.”

“तो नियम मला दाखवा.”

साहेबांनी दोन जाड पुस्तकं चाळली. असा नियम कुठेच नव्हता. पुढे त्यांची बदली झाली आणि मला अडगळीच्या कपाटात टाकलं गेलं. ठीकच झालं. पण चांदभाई आज कुबडी घेऊन चालतात आणि मशीनवर नसीमबानू बसतात, त्याचं काय?

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणीतरी अशा टेबलामागे बसेल. तेव्हा अर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचा, काय काय कमी आहे ते एकदाच लिहून द्या. कागदाला थांबता येतं. सडणाऱ्या पायाला येत नाही.