जाळ आला तेव्हा

मी एक जुना अंजन गवताचा ठोंब आहे. भूम गावाजवळच्या मुरमाड माळावर राहतो. मित्रांनो, पूर्वी इथं नुसती कुसळं होती. ती शेळ्यांच्या तोंडाला टोचायची. मग मालनबाई आणि त्यांची सून प्रीती यांनी मातीत घोळलेलं बी माळभर फेकलं. मी उगवलो, जवळच मारवेल गवत उगवलं, आणि माझ्या पलीकडं स्टायलो नावाचं शेंगांचं चाऱ्याचं रोप. त्याच्यामुळं जमिनीला कस यायचा. "शेळ्यांचं दूध वाढलं बघ," असं मालनबाई कौतुकानं म्हणायच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही वाळून कडकडीत झालो होतो. एका दुपारी शेजारच्या बलभीमनं आपल्या बांधावरचा पाला पेटवला आणि वारं फिरलं. धूर आमच्या अंगावर आला. त्यामागून तडतड ऐकू आली.

"आत्या, जाळ आपल्या माळात शिरला!" प्रीती ओरडली.

"घागरीनं न्हाय विझायचा. विळं आण. मधून गवताचा पट्टा कापू," मालनबाई म्हणाल्या.

"आन् पट्ट्याच्या पल्याडचं?"

"ते गेलं समज."

मी नेमका पट्ट्यात होतो. स्टायलो पल्याड होतं. एकीकडून जाळ, दुसरीकडून विळा. मला वाटलं, घाईत मालनबाई मला मुळासकट उपटणार. पण त्यांनी मला अगदी जमिनीलगत कापलं आणि सगळं वाळलेलं मागं ओढून नेलं. बलभीम कडुलिंबाची फांदी घेऊन धावत आला.

"चुकलं माझं, मालनबाई."

"आधी जाळ झोडप. मग बोल."

जाळ पट्ट्याच्या कडेला आला. माझे खुंट होरपळले. पल्याड स्टायलोच्या शेंगा फुटत होत्या. मी त्याला हाक मारली, पण ती तडतडीत विरून गेली. मोकळ्या मातीवर जाळाला काही मिळालं नाही. तो तिथंच विझला.

पाऊस झाल्यावर मला हिरवे कोंब आले. अर्धा माळ वाचला. काळ्या भागात प्रीतीनं पुन्हा बी टाकलंय. स्टायलोचं रोप अजून दिसलेलं नाही. मी रोज तिकडं बघतो.

मित्रांनो, कुठंही धूर निघाला की आजही माझी पाती थरथरतात. वाळल्या रानाजवळ काडी ओढण्याआधी वाऱ्याकडं बघा. आम्हांला पळता येत नाही.