सरिताचं हिरवं कार्ड

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही दहा वर्षांचे आहात. कडेवर वर्षाचा भाऊ आहे आणि समोर शाळेचं फाटक आहे. फाटक उघडंच आहे. आत पाढे चाललेत आणि ते तुम्हाला पाठ आहेत. तरी पाय आत टाकायचा नाही. का नाही, ते ऐका.

सरिताचा पाडा पेठच्या पलीकडे, डोंगरात. भात कापून झालं की तिथल्या घरांची दारं ओढली जातात आणि माणसं नाशिकच्या द्राक्षबागांकडे निघतात. यंदा मंगळू आणि भिमाबाईबरोबर त्यांची पाचवीतली सरिताही निघाली, कारण धाकट्या ललितला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं.

निघायच्या दिवशी पाड्यावरच्या शाळेतल्या धम्मपाल सरांनी तिच्या हातात एक हिरवं कार्ड ठेवलं. वर तिचं नाव, खाली सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : वाचन उत्तम, भागाकार येतो. त्याच्याही खाली सरांनी पट्टीनं एक चौकट आखली होती.

"जाशील तिथल्या शाळेत हे दाखव, कुणी अडवणार नाही. आणि परत येताना या चौकटीत तुझे हजर दिवस लिहून आण. मला बघायचेत."

"शंभर आणीन, सर," सरिता म्हणाली.

बागेत पोचल्या पोचल्या सुनील मुकादमानं टोळीतल्या सगळ्यांची आधार कार्डं गोळा केली. हंगाम अर्धा टाकून कुणी निघून जाऊ नये म्हणून ती त्याच्याजवळ राहायची, ही दरवर्षीची रीत. भिमाबाईनं पिशवीत होती तेवढी सगळी कार्डं त्याच्या हातात ठेवली. हिरवंसुद्धा. लपवलं असं कुणी म्हणायला नको.

"आये, ते माझ्या शाळंचं व्हतं!"

"मग बरंच की. झोपडीत भिजण्यापरीस मुकादमाकडं ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सरिता मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, माझं हिरवं कार्ड द्या ना."

"आन् तुझा बा पळाला तर? बागवाल्याला काय तुला दाखवू?" टोळी हसली. "हंगाम झाला की देतो. जा, कलेक्टरीणबाई!"

मंगळूही हसला, पण खाली बघून.

कार्ड नाही तर शाळा नाही, असं सरितानं मनाशी धरलं. आई-बाप मांडवाखाली माना वर करून घडांची विरळणी करू लागले की ती ललितला घेऊन रस्त्यापलीकडच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन बसायची. तो रडला की उठून लांब जायचं, निजला की परत यायचं. आतली गणितं ती मातीत काडीनं सोडवायची. आतल्या मुलांच्या आधी उत्तर आलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची.

दुपारच्या सुट्टीत तिथे शिकवणाऱ्या शुभांगी बाईंना ती दिसे. मग त्या ताटलीत खिचडी घेऊन फाटकापर्यंत येत.

"कुठली गं तू?"

"पेठकडची."

"शाळेत नाव आहे ना?"

"हाय."

ते खरंच होतं. पाड्यावरच्या हजेरीत तिचं नाव होतंच. बाईंना वाटलं, सकाळी दुसऱ्या कुठल्या शाळेत जात असेल, इथे खिचडीसाठी येते. "भावालाही दे हं," म्हणून त्या आत वळायच्या. दर वेळी सरिताच्या मनात यायचं, आता सांगावं. पण हातात दाखवायला काही नसायचं, आणि ललितनं तोवर ताटलीत बोटं घातलेली असायची.

मार्चच्या शेवटी बागेतली शेवटची गाडी भरली आणि सुनीलनं सगळ्यांची कार्डं परत दिली. पाड्याकडे जाणारी पिकअप चारला निघणार होती. सरिता कार्ड घेऊन धावत सुटली, ललित कडेवर हिंदकळत होता. त्या दिवशी ती पहिल्यांदा फाटकाच्या आत गेली.

शुभांगी बाईंनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. त्यावरची तारीख दिवाळीनंतरची होती.

"हे इतके दिवस कुठे होतं?"

"मुकादमाकडं. हंगामभर जमा व्हतं."

"अगं बाळा..." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "कार्ड नसतं तरी घेतलं असतं मी तुला. नुसतं आत यायचंस. मी तरी विचारायला हवं होतं."

सरितानं मागे वळून पाहिलं. तिथून फाटक दिसत होतं आणि फाटकाजवळची तिची जागाही. इतके दिवस बसून बसून तेवढ्याच जागेचं गवत गेलं होतं.

तिनं कार्डावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथं हजर दिवस लिहायचेत. सरांनी सांगितलंय."

बाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"बाई, फाटकाशी बसलेले धरतात का?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते, पिकअपला अजून वेळ होता. सरितानं घड्याळाकडे बघितलं, ललितला कडेवरून उतरवलं, शेवटच्या ओळीत सतरंजीवर मांडी घातली, त्याला मांडीत घेतलं आणि कुणी नाव पुकारायच्या आधीच मोठ्यानं म्हणाली, "हजर, बाई."